बिऱ्हाड हलविण्यापूर्वी

मे महिना उतरणीस लागला म्हणजे आपल्या भागातील बसथांब्यांवर एक दृश्य हटकून दृष्टीस पडते. पत्र्याची पेटी, सुतळीने आवळलेली वळकटी, गोणपाटात शिवलेली भांडी, आणि त्या सर्वांवर नजर ठेवून बसलेली एखादी वृद्धा. कुणाचे तरी बिऱ्हाड सोलापूरमार्गे पुण्यास अथवा मुंबईस निघालेले असते. शाळा उघडण्यापूर्वी नव्या ठिकाणी पोहोचावे, हा त्यामागील हिशेब.

अशाच एका कुटुंबातील सासूसुना या मे महिन्यात एका संध्याकाळी माझ्याकडे आल्या. घरधनी दीड वर्षापासून पुण्याजवळ चाकण येथील एका कारखान्यात कामास आहे. आता त्याने खोली घेतली असून पत्नी व दोन मुले यांस जूनच्या पहिल्या आठवड्यात मंठाळहून नेण्याचे ठरविले होते. थोरली मुलगी नववी उत्तीर्ण झालेली, धाकटा मुलगा तिसरी. आजी मात्र गावीच राहणार होती; घर, दोन एकर जमीन आणि एक म्हैस टाकून ती कोठे जाणार? त्यांस मजकडून मुलांच्या बाप्तिस्म्याचे दाखले तेवढे हवे होते. सामान बांधून झाले होते.

"आणि कागद?" मी विचारले.

"कागद म्हंजे, फादर, आधार हाय की सगळ्यांचं," सूनबाई म्हणाल्या.

आधार हे ओळखीचे साधन आहे, आणि त्यावरील पत्ता बदलूनही मिळतो. परंतु पत्ता बदलला म्हणून कोणी महाराष्ट्राचा रहिवासी ठरत नाही, आणि गाव सोडले म्हणून त्याचे कर्नाटकातील सर्व हक्कही संपत नाहीत. या दोहोंच्या मध्ये कित्येक कुटुंबे अडकून पडतात. त्या संध्याकाळी आम्ही दिवेलागणीपर्यंत बोलत बसलो, व पुढे आणखी दोन वेळा बसलो. त्यातून जे निघाले ते येथे लिहीत आहे. कारण पुढील वर्षी हीच पेटी आणि हीच वळकटी तुमच्यापैकी कुणाच्या तरी अंगणात असेल.

आपल्या वडीलधाऱ्यांस हा सारा खटाटोप चमत्कारिक वाटतो, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. १९५६ पूर्वी उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते, आणि कल्याणी, उमरगा, कलबुर्गी ही सारी एकाच हैदराबाद राज्यात होती. कल्याणीहून उदगीरास बिऱ्हाड नेणे म्हणजे बैलगाडी जुंपणे, याहून अधिक काही नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. बीदर जिल्ह्यातील ते तीन तालुके मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्र प्रदेशात गेला, आणि आपण म्हैसूर राज्यात आलो. पुढे १ मे १९६० रोजी पलीकडचा मुलूख महाराष्ट्र झाला. १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले. सोयरिकी मात्र जेथल्या तेथेच राहिल्या. उमरग्याची लेक आजही आपल्याकडे सून म्हणून येते, आपली लेक निलंग्यास जाते. तिच्या पेटीतील दाखला एका राज्याचा आणि संसार दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती आपल्या घरोघरी आहे. परंतु एखादी योजना आली अथवा मुलाचा प्रवेश अडला म्हणजेच ती ध्यानात येते.

प्रथम नावाचा विषय घेतो, कारण बहुतेक सर्व अडचणींचे मूळ तेथे असते.

निजामाच्या अमदानीत आपले कागद उर्दूत होते आणि बापाच्या नावापूर्वी 'वल्द' लिहीत. मग कन्नड आली आणि 'वल्द'च्या जागी 'तंदे' आले. मुलाचे नाव, पुढे तंदे म्हणून बापाचे नाव, एवढ्यावर आपल्याकडील पुष्कळशा नोंदी संपतात. आडनाव असलेच तर एका अक्षराने सुचविलेले असते. महाराष्ट्रातील शाळेच्या नोंदवहीत मात्र स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तिन्ही लागतात, व आईचे नाव निराळे. तेथील कारकून आडनाव विचारतो. आपला मनुष्य गोंधळून गावाचे नाव सांगतो, किंवा आजोबांचे सांगतो, आणि त्या क्षणापासून बापाचे आडनाव एक व मुलाचे दुसरे असा संसार सुरू होतो.

आपल्या समाजात यात आणखी एका नावाची भर पडते, ती आमच्या नोंदवहीतील. एका आजोबांचे कागद मी एकदा ओळीने मांडून पाहिले. बाप्तिस्म्याच्या नोंदीत अंतोन, शाळेच्या दाखल्यावर अनंत, जमिनीच्या पहाणीवर अंतप्पा आणि आधारवर अंथोनी! चौघेही एकच गृहस्थ आहेत हे गावास ठाऊक आहे; परंतु पुण्यातील कचेरीस ते कोणी सांगावे? त्यांच्या नातवास वडिलोपार्जित नाते सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्रावर प्रतिज्ञापत्र करावे लागले.

म्हणून गाव सोडण्यापूर्वी घरातील प्रत्येकाचे सर्व कागद एका चटईवर मांडावेत आणि नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख ही अक्षर न् अक्षर ताडून पाहावीत. मूल शाळेत आहे तोवर शाळेच्या नोंदीतील चूक दुरुस्त करून घेणे सोपे असते. दाखला हाती पडल्यावर तेच काम महिनोन् महिने चालते. आधारची दुरुस्ती करताना घाई करू नये. आधारवरील नाव आयुष्यात दोनच वेळा बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच. तेव्हा आधी जन्माचा दाखला व शाळेची नोंद एकसारखी करावी, आणि मगच आधार केंद्रावर जावे. मी पाहतो ते बहुधा याच्या उलट. जत्रेत आधारचा तंबू दिसला की लोक रांगेत उभे राहतात.

मंठाळ हे होबळीचे ठिकाण असल्यामुळे नाडकचेरीची सोय आपल्याकडे आहे. रहिवास, जात व उत्पन्न यांचे दाखले तेथून मिळतात. जाण्यापूर्वी ते काढून ठेवावेत, आणि शक्य तेथे इंग्रजी प्रत मागून घ्यावी. कारण कन्नड दाखला पुण्यातील कचेरीत वाचणारा कोणी नसतो आणि भाषांतर करवून घेण्यात पैसा व दिवस दोन्ही जातात. उत्पन्नाच्या दाखल्यास मुदत असते, हेही ध्यानात ठेवावे. जमीन अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर वारसाची नोंद आधी करून घ्यावी. गावात असताना तलाठ्याला गाठणे एका चकरेचे काम असते. चाकणहून ते तीन दिवसांच्या रजेचे होते, आणि रजेचा पगार कापला जातो.

जातीच्या दाखल्याविषयी लोकांच्या समजुती फारच चुकीच्या आहेत. दाखला सरकारी आहे, तेव्हा तो देशभर चालेल, असे सर्वांस वाटते. वस्तुतः मागासवर्गांच्या याद्या प्रत्येक राज्यापुरत्या असतात. कर्नाटकाच्या यादीत प्रवर्ग एक, दोन अ, दोन ब, तीन अ आणि तीन ब असे विभाग असून ख्रिस्ती समाजाचा समावेश तीन ब मध्ये आहे. महाराष्ट्रात 'तीन ब' नावाचा प्रवर्गच नाही. तेथे इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग अशी निराळी मांडणी आहे. येथला दाखला तेथे दाखविला तर तो खोटा ठरत नाही, पण उपयोगी पडत नाही.

याविषयी १९९० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दिलेला निर्णय जाणून घेण्यासारखा आहे. आंध्र प्रदेशात जन्मलेला, तेथील अनुसूचित जमातीचा एक मुलगा वयाच्या नवव्या वर्षी वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईस आला. तेथेच तो शिकला, वाढला, आणि मुंबईतील शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागेवर प्रवेश मागू लागला. न्यायालयाने सांगितले की अनुसूचित जात अथवा जमात ही त्या त्या राज्याच्या संदर्भात ठरविलेली असते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्यास नव्या राज्यात तो लाभ मागता येत नाही. मुलाने स्वतः काहीच केले नव्हते. वडिलांची बदली झाली, एवढेच. मूळ राज्यातील त्याचा हक्क मात्र यामुळे जात नाही, आणि केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी वडिलांच्या मूळ दाखल्याच्या आधारे नव्या ठिकाणीही दाखला मिळू शकतो. तेव्हा बापाचा मूळ दाखला हा सोन्याच्या दागिन्याप्रमाणे जपावा. तो हरवला तर मुलांची वाट बंद होते.

शिधापत्रिकेविषयी सूनबाईंस मोठी चिंता होती, व तेथे मला त्यांस थोडे समाधान देता आले. 'एक देश, एक रेशन कार्ड' ही व्यवस्था २०१९ साली सुरू झाली. १ जानेवारी २०२० पासून कर्नाटक व महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये तीत आहेत, आणि २०२२ च्या जूनपर्यंत सारा देश तीत आला. म्हणजे मंठाळच्या कार्डावर चाकणच्या दुकानात अंगठा लावून धान्य घेता येते. घरातील काही माणसे येथे व काही तेथे असतील तर दोन्हीकडे वाटून उचलता येते. मात्र हे केंद्राच्या अन्नसुरक्षा कायद्याचे, म्हणजे माणशी महिना पाच किलो, एवढेच धान्य असते. कर्नाटक सरकार आपल्या खजिन्यातून जे अधिक देते ते सीमेपलीकडे मिळत नाही. त्याचप्रमाणे २०२३ साली सुरू झालेल्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा २,००० रुपये कार्डावरील कुटुंबप्रमुख स्त्रीच्या नावे येतात. ते कर्नाटकाचे आहेत. पलीकडे महाराष्ट्राने २०२४ साली स्त्रियांस दरमहा १,५०० रुपये देण्याची योजना काढली, तेव्हा त्या राज्यातील रहिवासाचा पुरावा मागितला. घाईने येथले कार्ड रद्द करून तेथे नवे मिळेपर्यंत दोन्हीकडून हात रिकामे, असे अनेकांचे झाले आहे.

यावर आजींनी सुचविले की दोन्हीकडे कार्ड ठेवावे, कोण पाहतो? मी त्यांस स्पष्ट सांगितले की तसे करणे अपराध आहे, आणि आता अंगठ्याच्या यंत्रामुळे ते लपतही नाही. खरोखर कायमचे जावयाचे असेल तेव्हा येथून नाव कमी केल्याचा दाखला घ्यावा आणि तो दाखवून तेथे नवे कार्ड मागावे. तोवर जुन्या कार्डावर दुसऱ्या राज्यात धान्य घेण्यात गैर काही नाही. व्यवस्था त्यासाठीच आहे.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात आटोपतो. गॅसची टाकी व रेग्युलेटर येथील एजन्सीस परत करून बदलीची पावती घ्यावी, म्हणजे तेथे जोडणी मिळते. मतदारयादीतील नाव हलविण्यास आठ नंबरचा अर्ज असतो; दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याने मना आहे. मोटारसायकल नेणारांनी विसरू नये की 'केए ५६' क्रमांकाची गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांहून अधिक ठेवावयाची तर नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी बसवकल्याणच्या परिवहन कचेरीचे ना हरकत पत्र लागते. ते येथे असतानाच मागावे.

धाकट्याच्या शाळेबद्दल फारशी काळजी नव्हती. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण आहे. एका शाळेतून दुसरीत जाण्याचा त्यास अधिकार आहे; मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ दिला पाहिजे, आणि दाखला येण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेस प्रवेश अडविता येत नाही. मागील वर्षी आपल्याच एका कुटुंबातील मुलास शहरातील एका शाळेने 'दाखला आणा, मग बघू' म्हणून पावसाळाभर दारात उभे केले. बापास हा कायदा ठाऊक नव्हता. शाळेस तो ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही.

थोरल्या मुलीचा प्रश्न मात्र या सर्वांहून अवघड होता.

तिला डॉक्टर व्हावयाचे आहे. आपल्या शाळांतील चुणचुणीत मुलींपैकी बऱ्याच जणी असे म्हणतात, आणि पुढे त्यांतील एखादीच होते, हे मलाही दिसते. परंतु ती एखादी कोणती हे नववीच्या वर्षी कोण सांगू शकेल? म्हणून मी सूनबाईंस प्रवेशाचे नियम समजावून दिले, आणि ते ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

महाराष्ट्रात डॉक्टरीच्या राज्याच्या जागांसाठी मुलाने दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेले असावे लागते, आणि शिवाय अधिवासाचा दाखला लागतो. हा अधिवास सामान्यतः पंधरा वर्षांच्या सलग वास्तव्यानंतर मिळतो. म्हणजे मुलीने यंदाच पुण्यास जाऊन दहावी केली, पुढे बारावीही तेथेच केली, तरी तिच्याजवळ अधिवास नसणार. उलट कर्नाटकाचा नियम असा की पहिली ते बारावी यांतील किमान सात वर्षे कर्नाटकात शिकलेले असावे, आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण झालेली असावी. मुलीची नऊ वर्षे झालेली आहेत. परीक्षा एकही झालेली नाही. ती आत्ता गेली तर सात वर्षांची अट पुरी होऊनही परीक्षेची अट राहते. महाराष्ट्र म्हणणार, तू आमची नाहीस. कर्नाटक म्हणणार, तू आमची राहिली नाहीस. उरल्या त्या सरकारी महाविद्यालयांतील देशभराच्या सामायिक यादीच्या शेकडा पंधरा जागा, व त्यांसाठी साऱ्या देशाशी स्पर्धा.

केवळ एक वर्ष. दहावीची परीक्षा येथून दिली तर कर्नाटकाचे दार तिच्यासाठी उघडे राहते, मग अकरावी-बारावी तिने पुण्यास केली तरी हरकत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातील लोक विसरतात. २०१२ साली संसदेने संमत केलेल्या ९८ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत '३७१ जे' हे कलम आले. त्यानुसार बीदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी व नवा विजयनगर या जिल्ह्यांतील स्थानिक लोकांसाठी येथील शिक्षणसंस्थांत शेकडा ७० व राज्यातील इतर संस्थांत शेकडा ८ जागा राखीव आहेत, आणि नोकऱ्यांतही मोठा वाटा आहे. याचा दाखला सहायक आयुक्त देतात, व त्यांची कचेरी बसवकल्याणास आहे. आईबापांचा येथील जन्म अथवा दीर्घ वास्तव्य दाखविणारे कागद त्यासाठी लागतात; ते आज घरात आहेत, दहा वर्षांनी असतील की नाही कोण जाणे. पुण्यामुंबईस गेलेल्या आपल्या लोकांपैकी फारच थोड्यांनी मुलांचे हे दाखले काढलेले आहेत.

सीमाभागातील मराठी मुलांसाठी महाराष्ट्रानेही एक खिडकी ठेवली आहे. ज्या ८६५ गावांवर ते राज्य हक्क सांगते, तेथील मान्यताप्राप्त शाळेतून दहावी अथवा बारावी झालेल्या, मराठी मातृभाषेच्या मुलांस अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशात निराळा वर्ग आहे. २००४ पासून हा सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल काय लागावयाचा तो लागो. शाळेचे गाव त्या यादीत आहे की नाही हे पालकांनी मुख्याध्यापकांकडून आधी पाहून घ्यावे. असेल, तर हेही येथून दहावी करण्याचे एक कारण होते.

हे सारे बोलत असता आजींनी मध्येच विचारले, "सगळीकडं असंच असतंय का, फादर?" अमेरिकेत पन्नास राज्ये आहेत, आणि तेथील लोक नोकरीसाठी एका राज्यातून दुसऱ्यात सहज बिऱ्हाड नेतात. तेथेही सरकारी महाविद्यालयात परराज्यातील मुलास जास्त फी पडते. परंतु बहुतेक ठिकाणी सुमारे एक वर्ष राहिले की तो त्या राज्याचा गणला जातो. नवागत गरिबांस एक वर्ष मदत न देण्याचे काही राज्यांचे नियम तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली रद्द केले. कॅलिफोर्नियाने पहिल्या वर्षी मदत कमी ठेवण्याची युक्ती काढली, तीही १९९९ साली रद्द झाली. आपल्या राज्यघटनेनेही देशात कोठेही राहण्याचा हक्क दिला आहे. २०२५ च्या जानेवारीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अधिवास हा भारताचा असतो, राज्याचा नव्हे, आणि वैद्यकाच्या पदव्युत्तर जागांवर राज्याच्या रहिवासावरून राखीव जागा ठेवता येणार नाहीत. पदवीच्या जागांवर मात्र ठराविक प्रमाणात तसे चालते. एक वर्ष आणि पंधरा वर्षे यांतील अंतर मला तरी अन्यायाचे वाटते. पण मुलीची दहावी पुढच्या मार्चात आहे; कायदा बदलेपर्यंत ती थांबणार नाही.

आमच्या धर्मसभेचा हिशेब याबाबतीत सौम्य आहे, तोही सांगून टाकतो. कायमचे राहण्याच्या इराद्याने आलेला कॅथॉलिक पहिल्या दिवसापासून त्या धर्मग्रामाचा असतो, इराद्यावाचून राहिला तर पाच वर्षांनी. आणि तीन महिने राहण्याच्या इराद्यानेही तात्पुरता अधिवास मिळतो. बाप्तिस्म्याची मूळ नोंद मात्र जेथे झाली तेथेच राहते. दृढीकरण व विवाह यांची नोंद तिच्याच समासात होते, म्हणून विवाहाच्या वेळी ताजा दाखला येथूनच मागवावा लागतो. जुना दाखला चौकटीत बसवून भिंतीवर लावलेला असला तरी तो त्या कामी येत नाही.

दुसऱ्या बैठकीस घरधनी स्वतः रजा काढून आला होता. त्याचे म्हणणे असे की दीड वर्ष तो खोलीवर एकट्याने भात शिजवून खात आहे, आणि आता पुन्हा कुटुंब दुभंगावयाचे असेल तर खोली घेतली कशाला? त्यास काय उत्तर द्यावे हे मला सुचेना. कुटुंबाने एका छपराखाली राहावे असे मी वेदीवरून कितीदा सांगितले आहे. वयात येणाऱ्या मुलीस आईपासून दूर ठेवावे, असा सल्ला माझ्या जिभेवर सहज येत नाही. नियम मी सांगितले आणि गप्प राहिलो.

"पोरीला माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या," आजी म्हणाल्या. "एका सालाची तर गोष्ट."

मुलगी इतका वेळ दाराशी उभी होती. तिने आधी विचारले, धाकट्याचा अभ्यास कोण घेईल? तो कन्नड शाळेतला, त्याला तिकडे मराठी वाचावे लागेल. मग वडिलांकडे न पाहता म्हणाली, "मी ऱ्हाते."

बाप काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने तिच्या कागदांची पिशवी पेटीतून काढून निराळी ठेवली.

मायलेक जूनच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर निघाले. त्या आठवड्यात आजी नातीस घेऊन बसवकल्याणास सहायक आयुक्तांच्या कचेरीत जाऊन आल्या. ३७१ जे चा अर्ज दिला आहे. दाखला अजून यावयाचा आहे. पावती आजींनी तांदळाच्या डब्यात ठेवली आहे, आणि मुलगी दर दोन दिवसांनी तो डबा उघडून पाहते, अशी त्यांची तक्रार आहे.